जॉनी नोलन पडद्यावर, केटी अंधारात: १९४५ चा 'अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन' घरी किंवा सोसायटीत नीट कसा दाखवावा

चित्रपट संपल्यावर निम्मे लोक "बाप काय गोड माणूस, आई मात्र फार कडक" असं म्हणत उठले, तर खेळ फसला असं समजावं. दोष बहुतेक वेळा चित्रपटाचा नसतो, टीव्हीचा आणि स्पीकरचा असतो. दारूच्या आहारी गेलेला, गाणी म्हणणारा, पोरांवर जीव टाकणारा जॉनी मोबाइलच्या पडद्यावरही आवडून जातो. तो हसतो, गातो, जोरात बोलतो. त्याची बायको केटी अंधाऱ्या जिन्यात गुडघ्यांवर बसून पायऱ्या घासते, कमी बोलते, आणि तिचं निम्मं म्हणणं चेहऱ्यावरच राहतं. चित्र फिकट झालं, आवाज गढूळ झाला, की आधी गळते ती केटी. खालची सगळी खटपट तिच्यासाठी आहे.

प्रत निवडताना

याच कथेवर १९७४ मध्ये टीव्हीसाठी एक रंगीत चित्रपट निघाला होता, त्यात जॉनीचं काम क्लिफ रॉबर्टसनने केलं होतं. नावाने शोधलं की कधीकधी तोच हाती लागतो. आपल्याला हवा तो १९४५ चा, कृष्णधवल, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा. दिग्दर्शक इलिया कझान (हा त्याचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट), जॉनी झालाय जेम्स डन, केटी डोरोथी मॅकग्वायर, मुलगी फ्रॅन्सी पेगी अॅन गार्नर आणि मावशी सिसी जोन ब्लाँडेल. कव्हरवर ही नावं असतील तर प्रत बरोबर.

लांबी साधारण १२९ मिनिटं. डिस्क युरोपातली असेल आणि तिच्यावर १२४ मिनिटं लिहिलं असेल, तर ती कापलेली आहे असं मानून परत करू नका. पाल या युरोपातल्या टीव्ही-पद्धतीत सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम पळतात, त्यामुळे चित्रपट सुमारे चार टक्के लवकर संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. १२० च्या खाली आकडा दिसला तर मात्र संशय घ्या. डीव्हीडी अमेरिकेतून कुणाकडून मागवली असेल तर ती क्षेत्र १ ची असते आणि भारतातले प्लेअर क्षेत्र ५ चे (क्षेत्र म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचा क्रमांक). प्लेअर सर्व क्षेत्रांच्या डिस्क वाचतो का, हे खेळाच्या आठवडाभर आधी बघा, त्या संध्याकाळी नव्हे.

घरच्या दिवाणखान्यात विकत घेतलेली डिस्क लावायला कुणाची परवानगी लागत नाही. सोसायटीचं सभागृह, वाचनालय, गणेशोत्सवाचा मंडप अशा जागी दाखवायचा असेल, तर तिकीट नसलं तरी प्रदर्शनाच्या हक्कांची चौकशी आधी करावी. फॉक्सचा जुना संग्रह २०१९ पासून डिस्नेकडे आहे.

चित्र

१९४५ च्या या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौकोनी आहे: उंची १ तर रुंदी १.३७. आजचा टीव्ही आडवा, १६ ला ९. त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारच, आणि दिसलेच पाहिजेत. ४३ इंची टीव्हीचा पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो, त्यात खरं चित्र ७३ सेंटिमीटरचं, म्हणजे दोन्हीकडे अकरा-अकरा सेंटिमीटर काळं. पाहुण्यांमधलं कुणीतरी हमखास रिमोट उचलून "पूर्ण स्क्रीन" करतं. चित्र ताणलं तर सगळी पात्रं आडवी, गुबगुबीत होतात. झूम केलं तर वरखाली कापलं जातं, आणि इथे वरखालीच सगळं आहे: जिना, अंगणातलं झाड, गच्ची. रिमोट लपवून ठेवा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये पाच गोष्टी बदला:

- पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'. 'व्हिव्हिड'मध्ये कृष्णधवल चित्र निळसर पडतं.
- रंगाचं तापमान 'वॉर्म'.
- हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. कंपनीगणिक तिचं नाव वेगळं असतं, पण नावात बहुधा 'मोशन' हा शब्द सापडतो. ती चालू राहिली की जुना चित्रपट मालिकेसारखा दिसायला लागतो.
- नॉइज रिडक्शन बंद. ती फिल्मचा कण पुसते आणि त्याबरोबर चेहऱ्यावरच्या बारीक रेषाही.
- शार्पनेस शून्याच्या जवळ, नाहीतर माणसांच्या कडेने पांढरी रेघ उमटते.

त्यानंतर केटी जिना पुसतेय तो सुरुवातीचा प्रसंग लावून ब्राइटनेस ठरवा. मागच्या भिंतीचा पोत जेमतेम दिसला पाहिजे आणि सावली काळीच राहिली पाहिजे. सावली राखाडी झाली तर एक-दोन घर खाली या. छायाचित्रण लिऑन शॅमरॉयचं आहे आणि घरातला अंधार हा या कुटुंबाच्या गरिबीचा भाग आहे, तो उजळून टाकू नका.

प्रोजेक्टरसाठी हिशोब असा: सहा फूट उंच चित्राला रुंदी सव्वाआठ फूट लागते. प्रोजेक्टर मात्र १६ ला ९ चा झोत टाकतो, म्हणजे पावणेअकरा फूट. पडदा साडेआठ फुटांचाच असेल तर चित्र उंचीवर बसवा आणि काळे पट्टे पडद्याबाहेर भिंतीवर जाऊ द्या, काळोखी खोलीत ते दिसत नाहीत. लोक नेमकं उलटं करतात: पट्ट्यांसकट सगळं पडद्यात कोंबतात आणि चित्राची उंची पावणेपाच फुटांवर आणून बसतात. सहा फूट उंच चित्राला पूर्ण अंधारात खरे हजार ल्युमेन (प्रकाशाचं माप) पुरतात. खरे म्हणजे एएनएसआय मापाचे. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर छापलेले नऊ-दहा हजार धरू नका. गच्चीवर दाखवत असाल तर रस्त्यावरचा दिवा पडद्याच्या मागच्या बाजूला येईल असं बघा. चादर लावायची तर वर आणि खाली दोन्हीकडे काठी घालून ताणा. खालची बाजू मोकळी राहिली की वाऱ्याच्या झुळकीबरोबर चेहरे हलतात.

आवाज

आवाज एकमार्गी आहे. सराउंड, थ्रीडी साउंड, 'कॉन्सर्ट हॉल' वगैरे सगळं बंद करा, नाहीतर संवाद विहिरीतून आल्यासारखे वाटतात. एकच बरा स्पीकर पडद्याच्या मधोमध, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवला तर दोन कोपऱ्यांतल्या दोन स्पीकरपेक्षा जास्त समजतं. ब्लूटूथ शक्यतो टाळा. आवाज ओठांच्या मागे पडतो आणि जॉनी पियानोवर गातो तेव्हा ते लगेच जाणवतं. तार जोडा. बास कमी करा, संवादाची सोय असेल तर ती एक घर वर. छताचा पंखा मंद ठेवा. आवाजाची पातळी केटीच्या बोलण्यावर ठरवा, जॉनीच्या गाण्यावर ठरवलीत तर केटी ऐकूच येणार नाही.

मराठी सबटायटल करणार असाल तर

इंग्रजी सबटायटल बहुतेक प्रतींवर असतात, पण आजी-आजोबा आणि दहा वर्षांखालची मुलं ती वाचू शकत नाहीत. एसआरटी फाइल, म्हणजे सबटायटल आणि त्यांच्या वेळा लिहिलेली साधी मजकुराची फाइल, घरी करता येते. ती जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ च निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. एका वेळी दोन ओळी, ओळीत ३५ ते ४० अक्षरं, आणि एक ओळ निदान सव्वा सेकंद पडद्यावर. काही टीव्ही पेनड्राइव्हवरून लावलेल्या देवनागरीत वेलांटी चुकीच्या जागी लावतात, जोडाक्षरं फोडतात. तसं झालं तर लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावून एचडीएमआयने जोडा. अक्षरं पांढरी, काळ्या काठाची. पिवळी अक्षरं कृष्णधवल चित्रात डोळ्यांना टोचतात.

भाषेचे खड्डे ठरलेले आहेत. मुलं आईला 'ममा' म्हणतात. ते चुकून 'मामा' लिहिलं गेलं की प्रेक्षक आईचा भाऊ शोधत बसतात, तेव्हा सरळ 'आई' लिहा. 'पापा' तसंच ठेवलं तरी चालतं, आणि मुलांनी बापाला 'तू' म्हणावं. 'तुम्ही' केलंत तर जॉनी आणि फ्रॅन्सीमधलं गुळपीठच जातं. 'आंट सिसी' ही केटीची बहीण, म्हणजे सिसीमावशी. इंग्रजीत जे नातं मोघम आहे ते मराठीत आपोआप नेमकं होतं. 'सलून' हा शब्द तर लिहूच नका, आपल्याकडे तिथे केस कापतात. गुत्ता म्हणा किंवा बार. भावाचं नाव नीली आहे, ते मुलीचं वाटतं, म्हणून पहिल्या एक-दोन ओळींत 'नीलीभाऊ' नाही तरी 'तो' स्पष्ट येऊ द्या. जॉनी फ्रॅन्सीला लाडाने 'प्रिमाडोना' (ऑपेरातली मुख्य गायिका) म्हणतो. त्याचं भाषांतर करू नका, तो गाणारा माणूस आहे आणि ते त्याच्या तोंडी शोभतं. पेनीचे पैसे किंवा आणे करू नका.

आधी काय सांगावं

तीन-चार मिनिटं, जास्त नाही. कथा कादंबरीवर आहे. बेटी स्मिथ ही ब्रुकलिनचीच, तिची कादंबरी १९४३ मध्ये आली आणि सुरुवात होते १९१२ च्या उन्हाळ्यात. जागा ब्रुकलिनमधलं विल्यम्सबर्ग. तिथली टेनेमेंट म्हणजे ढोबळमानाने आपली चाळ, फक्त सामायिक गॅलरी नाही, सगळं शेजारपाजार जिन्यात घडतं. अमेरिकेत दारूबंदी १९२० मध्ये आली, त्यामुळे या काळात कोपऱ्यावरचा गुत्ता राजरोस चालू आहे. जॉनी 'गाणारा वेटर' आहे, म्हणजे जेवणावळीत वाढायचं आणि गायचंही. काम रोजचं नाही, मिळेल तेव्हा.

जेम्स डनबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९३४ मध्ये छोट्या शर्ली टेंपलबरोबर झळकलेला हा नट पुढे मागे पडला, आणि त्याच्या पिण्याची चर्चा त्याच्या कारकिर्दीला नडली होती. या भूमिकेने त्याला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. गार्नरला त्या वर्षीचं बालकलाकाराचं खास ऑस्कर मिळालं. मात्र हे सगळं चित्रपटानंतर सांगितलं तर बरं. आधी सांगितलं की लोक जॉनीकडे न बघता नटाकडे बघतात.

मराठी प्रेक्षकाच्या डोक्यात दारुड्याचे दोन साचे तयार असतात, दोन्ही गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तले: सर्वनाश ओढवून घेणारा सुधाकर आणि हसवणारा तळीराम. जॉनी यांपैकी कुणीच नाही. तो मारझोड करत नाही, झोकांड्या खात विनोदही करत नाही. या चित्रपटात दारूपेक्षा दारूने रिकामं केलेलं घर जास्त दिसतं. एवढी सूचना आधी दिली की प्रेक्षक 'आता मारेल, आता रडवेल' अशी वाट बघणं सोडतात.

लहान मुलांसाठी: नऊ-दहा वर्षांच्या पुढे ठीक. शेजारची आजारी मुलगी जाते, बाप जातो, आणि आईचं बाळंतपण घरातच, फ्रॅन्सी एकटी जवळ असताना सुरू होतं. बाप मरतो हे मुलांना आधीच सांगून टाका. यात रहस्य काही नाही, आणि माहीत असलं की मुलं नाताळच्या प्रसंगात घाबरत नाहीत, बघतात. ज्या मुलाच्या घरी कुणी पितं असं तुम्हाला माहीत आहे, त्याला चारचौघांत बसवण्याआधी त्याच्या मोठ्यांशी बोला.

मध्यंतर

घड्याळ बघून करू नका. जॉनी फ्रॅन्सीला चांगल्या वस्तीतल्या शाळेत घालतो (त्यासाठी पत्ता खोटा देतो), तो भाग संपला की थांबा. त्यानंतर नाताळच्या संध्याकाळपासून जॉनीच्या जाण्यापर्यंतचा पट्टा सलग गेलाच पाहिजे. तिथे चहा आला तर चित्रपट मोडतो. आदल्या दिवशी एकदा पळवून बघा आणि त्या जागेची वेळ कागदावर लिहून ठेवा. दहा मिनिटं पुरेत. कुरकुरीत पाकिटं मध्यंतरातच संपवायची, हे आधीच सांगितलेलं बरं.

नाताळच्या झाडाचा नियम मध्यंतरात सांगून ठेवा, नाहीतर तो प्रसंग निव्वळ क्रूर वाटतो. नाताळच्या आदल्या रात्री उशिरा न खपलेली झाडं दुसऱ्या दिवशी कवडीमोलाची. विक्रेता ती पोरांच्या अंगावर फेकतो, झेलून उभा राहिला त्याचं झाड. फ्रॅन्सी आणि नीली मिळून सगळ्यात मोठं झाड झेलतात.

नजर कुठे ठेवायची

चित्रपट दुसऱ्यांदा बघणाऱ्यांना एकच काम द्या: प्रत्येक प्रसंगात जॉनी बोलत असताना केटीचे हात बघा. सुरुवातीपासून ते काही ना काही घासत, आवरत, मोजत असतात. पोटात मूल आहे म्हणून ती सगळं बिऱ्हाड स्वस्तातल्या वरच्या मजल्यावर हलवते. नव्या खोलीत आधीच्या भाडेकरूंनी सोडून दिलेला पियानो असतो. जॉनी त्याच्यावर बसून 'अॅनी लॉरी' हे जुनं स्कॉटिश गाणं म्हणतो. सगळ्यांचं लक्ष गाण्याकडे जातं, आणि कझानलाही ते हवंच आहे. पण ऐकणारी केटी बघा. या माणसावर ती का भाळली असेल आणि आता तिला ते का परवडत नाही, दोन्ही एका चेहऱ्यावर आहे. पुढे बाळाचं नाव काय ठेवलं जातं ते ऐकलं की हा प्रसंग परत आठवतो.

वाचनालयाचा प्रसंग छोटा आहे, सुटू देऊ नका. फ्रॅन्सी पुस्तकं लेखकांच्या नावांच्या अकारविल्हे क्रमाने वाचत सुटली आहे, समजोत न समजोत. अंगणातल्या झाडाच्या फांद्या छाटल्यावर जॉनी तिची जी समजूत काढतो, तीही नीट ऐकवा. शेवटाला तिचा अर्थ लागतो.

सिसीमावशीला हसून सोडून देऊ नका. बरेच नवरे केलेली, प्रत्येकाला 'बिल' म्हणणारी ही बाई कादंबरीत जास्त मोकळी आहे. त्या काळच्या हॉलिवूडच्या सेन्सॉरनियमांमुळे चित्रपटात तिला सोवळी करावी लागली. तरी शाळेच्या निरोप समारंभाच्या दिवशी फ्रॅन्सीच्या बाकावर जी फुलं येतात, ती सिसीच्या हातून आलेली आहेत. हा चित्रपटातला सगळ्यात जड क्षण. रुमाल काढायचे ते इथे, जॉनी जातो तेव्हा नव्हे. तिथे चित्रपट मुद्दाम कोरडा राहतो, कारण फ्रॅन्सी रडलेली नसते.

शेवटचं संभाषण गच्चीवर होतं. त्या वेळी कुणीतरी 'संपला' म्हणून दिवा लावतं. दिव्याच्या बटणाजवळ विश्वासू माणूस बसवा.

नंतरची चर्चा

अर्धा तास पुष्कळ झाला. 'चूक कुणाची' असा प्रश्न विचारू नका, त्याने घरातले जुने हिशेब उघडतात. याऐवजी असं काही विचारा: केटी मुलीची शाळा थांबवायचं ठरवते, मुलाची नाही. हे तुमच्या घरात कुठल्या पिढीपर्यंत झालं? या प्रश्नावर आज्या आणि आत्या बोलायला लागतात, आणि पुरुष थोडा वेळ गप्प बसतात. दुसरा: शाळेसाठी बापाने दिलेला खोटा पत्ता तुम्ही दिला असता का? पुण्या-मुंबईत प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न अजिबात जुना वाटत नाही. तिसरा, जरा अवघड: जॉनी इतका लाघवी नसता, तर केटीने आधीच काही केलं असतं का?

कुणी जॉनीची बाजू फारच लावून धरली तर वाद घालू नका. पहिली दहा मिनिटं परत लावा आणि आवाज बंद करून फक्त जिना बघायला सांगा.

चर्चेनंतर कुणी बाजूला घेऊन घरातलं बोलू लागलं तर सल्ला देत बसू नका, पत्ता द्या. नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मुलांसाठी १०९८. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे कुटुंबियांशीही बोलतात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या शहरांत होतात. हे आकडे आधीच एका कागदावर छापून चपलांच्या रॅकजवळ ठेवले तर मागावे लागत नाहीत.

आणि मुलं विचारतीलच की ते झाड कुठलं. चित्रपटातलं झाड मूळचं चीनमधलं, अमेरिकेत त्याला 'स्वर्गाचं झाड' म्हणतात, सिमेंटच्या फटीतही उगवतं. त्याचा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे: महारुख. कुळ तेच, जात वेगळी. रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर सापडतो. लांब देठावर समोरासमोर दातेरी पानं, चुरगळली की उग्र वास, आणि उन्हाळ्यात मधोमध बी असलेल्या पातळ कागदी पंखांसारख्या शेंगांचे घोस. एप्रिल-मेमध्ये चित्रपट दाखवत असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन जा आणि शेंगा उंचावरून सोडून बघा, गिरक्या घेत खाली येतात.